तीन तारखा आणि एक चवथ

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात गेली अठरा वर्षं मी गरोदर बायकांच्या तपासणीचं काम करते. २०२४ च्या पावसाळ्यातलं हे प्रकरण. वैद्यकीयदृष्ट्या त्यात विलक्षण असं काही नाही. पहिलटकरीण, बाळाचं डोकं खाली, रक्तदाब ठीक, शेवटी बाळ-बाळंतीण सुखरूप. नुसते कागद चाळले तर हे प्रकरण लिहून काढायची गरज कुणाला वाटणार नाही. पण चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवशीचे चार तास मला आजही स्वस्थ बसू देत नाहीत, आणि ते तास कसे तयार झाले हे मागे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

ती सत्तावीस वर्षांची. माहेर दोडामार्ग तालुक्यात, सासर इथलं. होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत हिशेबाचं काम करायची. कायद्याने मिळणाऱ्या २६ आठवड्यांच्या रजेतले आठ आठवडे आधी घेता येतात, पण तिने रजा बाळासाठी राखून ठेवली आणि १६ ऑगस्टपर्यंत कामावर गेली. घर जुनं, मातीच्या जाड भिंतींचं, मधे राजांगण, म्हणजे आतला चौक. नांदणारी बिऱ्हाडं सात. चुली सात, देवघर एक आणि गणपतीही एकच. या प्रकरणात हा तपशील हिमोग्लोबिनइतकाच महत्त्वाचा आहे.

तारखा

तिची शेवटची पाळी २२ नोव्हेंबर २०२३ ला आली होती. त्या तारखेत सात दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागे जायचं, या नेहमीच्या हिशेबाने २९ ऑगस्ट येते. पहिल्या भेटीत मीच ती तारीख माता-बालक संरक्षण कार्डावर लिहिली. सासूबाईंनी घरी नऊ महिने नऊ दिवस मोजले, त्यांची ३१ ऑगस्ट आली. पण तिची पाळी दर अडतीस-चाळीस दिवसांनी यायची, आणि वरचा हिशेब अठ्ठावीस दिवसांच्या पाळीवर बेतलेला आहे. नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या लांबीवरून ८ सप्टेंबर निघाली. सुरुवातीच्या सोनोग्राफीत इतका फरक पडला की सोनोग्राफीचीच तारीख धरतात, कारण त्या वयात बाळं जवळजवळ सारख्याच वेगाने वाढतात. डॉक्टरांनी कार्डावर ८ सप्टेंबर लिहिली. मी २९ ऑगस्टवर एक रेघ मारली, पण ती खाली स्पष्ट वाचता येत होती.

त्या एका रेघेवर मी पुढे बराच विचार केला आहे. खोडलेली तारीख घरच्यांनी कधी खोडलीच नाही. वडीलधाऱ्यांच्या लेखी २९ किंवा ३१, आमच्या लेखी ८. शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं नेमक्या तारखेला येतात आणि ३७ ते ४२ आठवड्यांमध्ये कधीही आली तरी त्यात वावगं काही नाही. हे मी प्रत्येकीला सांगते, तिलाही सांगितलं होतं. पण ज्या घरात सगळे एका दिवसाकडे डोळे लावून बसलेत, तिथे 'कधीही' या शब्दाला किंमत राहत नाही.

त्यात २०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला होती. जन्माचं सोयेर दहा दिवसांचं. चवथीच्या आधीच्या दहा दिवसांत बाळ झालं, तर सात बिऱ्हाडांना पूजेला हात लावता येणार नाही. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांची रजा काढून झालेली, गणपतीच्या वर रानफळांची माटोळी टांगतात, तिच्यासाठी रानात कोण जाणार हे ठरलेलं. एका बाईच्या पोटावर एवढ्यांचा सण टांगलेला.

२० ऑगस्टची भेट

सदतीस आठवडे आणि दोन दिवस. रक्तदाब ११६/७४, हिमोग्लोबिन १०.६, पावलांना हलकी सूज, चेहऱ्यावर आणि हातांवर नाही. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, यांतलं काही नाही. श्रावणात घरात मासळी बंद होती, म्हणून कुळीथ, मूग, अळसांदे आणि दूध वाढवायला सांगितलं. अंडं चालतं का विचारलं, तर ती सासूबाईंकडे बघून नाही म्हणाली.

त्या दिवशी तिच्याबरोबर सासूबाई आणि घरातले मोठे काका आले होते. काका भला माणूस. टोपी हातात घेऊन त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "सव्वीसला अष्टमी आहे. त्या दिवशी सिझर करता येईल का? खर्चाचं आम्ही बघतो." २६ ऑगस्टला जन्म झाला, तर दहा दिवस ५ सप्टेंबरपूर्वी भरतात, चवथ मोकळी. शिवाय गोकुळाष्टमीचं बाळ. मला याचं हसू आलं नाही, रागही आला नाही. सोयेर पाळावं की न पाळावं हा त्या घराचा प्रश्न आहे, आणि वर्षातून एकदा येणाऱ्या देवासाठी माणसं काय काय करतात हे मी माझ्या घरातही पाहते.

डॉक्टर नाही म्हणाले. सोनोग्राफीच्या तारखेने सव्वीसला अडतीस आठवडे आणि एक दिवस होतो. कारण नसताना एकोणचाळीस आठवड्यांच्या आत सिझर करून बाळ काढलं, तर त्याला श्वासाचा त्रास होण्याचं प्रमाण वाढतं. कळांमध्ये बाळाच्या फुप्फुसांतलं पाणी शोषलं जातं, आणि इथे कळाही नाहीत आणि दिवसही कमी. मी काकांना एवढंच म्हटलं की बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर चवथीला घरात कुणाचं मन लागेल? काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असू दे तर. त्याच्या मनात असेल तसं."

ते दोघे बाहेर गेल्यावर ती टेबलावरून उतरता उतरता हळूच म्हणाली, "सिस्टर, तुम्ही हो म्हणाला असता तर बरं झालं असतं."

मी विचारलं, "का गे बाय? तुला सिझर हवं होतं?"

"नको होतं. पण मग माझ्यावर काही राहिलं नसतं."

हे वाक्य मी कार्डावर लिहिलं नाही. तशी जागाच नसते कार्डावर. पण त्या दिवशीच्या सगळ्या नोंदींमध्ये महत्त्वाची नोंद तीच होती.

अवघडलेली

दिवस भरत आलेल्या बाईला आपण अवघडलेली म्हणतो. बाळंत झाली की मोकळी झाली म्हणतो. तिच्या बाबतीत पहिला शब्द शरीरापुरता उरला नव्हता. २४-२५ ऑगस्टला पोट उतरलं. श्वास मोकळा झाला, पण बाळाचं डोकं ओटीपोटात बसल्यामुळे जांघा दुखायला लागल्या, चालताना मधेच वीज चमकल्यासारखी कळ यायची, आणि लघवीला दर तासाला. रात्री पाच-सहा वेळा उठणं. कूस बदलायची तर आधी हातावर भार देऊन उठून बसायचं. झोप तुकड्यातुकड्यांची.

फोन तर दिवसभर. माहेरून आई तीन वेळा, ऑफिसातल्या मैत्रिणी, मुंबईच्या जावा. सगळ्यांचा प्रश्न एकच, "मोकळी झालीस का गे?" विचारणारा प्रत्येक जण मायेने विचारतो, पण ऐकणाऱ्या बाईला ते दिवसातून दहा वेळा नाही म्हणायचं असतं. २९ तारीख उलटल्यावर शब्द बदलले. "दिवस वर गेले", "आज तरी काय?" शेजारच्या बिऱ्हाडातून एरंडेलाची बाटली आली. सासूबाईंनी ती देण्याआधी मला फोन केला, हा त्यांचा समजूतदारपणा. मी नको म्हटलं. एरंडेलाने पोट बिघडतं, अंगातलं पाणी जातं.

३१ ऑगस्टच्या रात्री नऊच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. नऊ महिने नऊ दिवस त्याच दिवशी भरत होते, त्यामुळे घराला वाटलं, आलीच वेळ. पाऊस धो धो. दिराने गाडी काढली आणि जवळचं म्हणून एका खासगी रुग्णालयात नेलं. तिथे पोहोचेपर्यंत कळा विरल्या. तपासलं तर गर्भाशयाचं तोंड बंद. त्या खोट्या कळा होत्या. १८७२ मध्ये ज्या इंग्रज डॉक्टरने त्यांचं वर्णन केलं, त्याच्या नावाने त्या आजही ओळखल्या जातात, ब्रॅक्स्टन हिक्स. गर्भाशय अधूनमधून आवळतं आणि सुटतं. खऱ्या कळांचं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो. खोट्या कळा चाललं, पडलं, पाणी प्यालं की बऱ्याचदा थांबतात. पहिलटकरणीला घरी बसून हा फरक कळावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. कित्येकदा तो तपासल्यावरच कळतो.

तिथल्या ड्युटीवरच्या बाईंनी तिला म्हटलं, "एवढ्यातेवढ्याला धावत यायचं नसतं. खऱ्या कळा आल्या की बोलायलाही येणार नाही." पहाटे अडीचला ती भिजून घरी परतली. सगळी बिऱ्हाडं जागी होती. कुणी टोचून बोललं नाही. मोठ्या काकूंनी "असू दे, होतं असं" म्हणून गरम पेज दिली. पण दिराला सकाळी सहाच्या पाळीला जायचं होतं आणि तो झोपलाच नाही, हे तिने पाहिलं. मला तिने नंतर सांगितलं, "त्या रात्रीच ठरवलं. आता खात्री झाल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही."

माझी चूक

३ सप्टेंबरला ती तपासणीला आली. एकोणचाळीस आठवडे दोन दिवस. रक्तदाब ठीक, बाळाचे ठोके मिनिटाला १४४. मी 'फॉल्स पेन्स, ३१/८' अशी नोंद केली आणि म्हटलं, "घाबरू नको, त्या खोट्या कळा होत्या." चांगल्या मनाने म्हटलं. पण तिने त्यातून ऐकलं ते हे, की मी खोटं घेऊन गेले होते. त्या दिवशी मी म्हणायला हवं होतं, "आलीस ते बरोबर केलंस. पुन्हा तसं वाटलं तर पुन्हा जा, दहा वेळा वाटलं तर दहा वेळा जा." हे मी म्हटलं नाही.

दुसरी गोष्ट राहिली ती बाळाच्या हालचालींची. छत्तिसाव्या आठवड्यात मी तिला शिकवलं होतं. जेवल्यावर डाव्या कुशीवर पडायचं आणि मोजायचं, दोन तासांच्या आत दहा हालचाली व्हायला हव्यात. बाळ पोटात झोपतं, पण सलग झोप साधारण वीस ते चाळीस मिनिटांची, दीड तासापलीकडे क्वचितच. त्या दिवशी बाहेर बाकांवर चाळीस बायका होत्या, मी पुन्हा विचारलं नाही. घरात मात्र तिला कुणीतरी सांगितलं होतं की दिवस भरले की बाळ शांत होतं, जागाच नसते ना त्याला. हा समज सगळीकडे आहे, आणि घातक आहे. शेवटच्या आठवड्यांत हालचालीची तऱ्हा बदलते. लाथांऐवजी वळवळ, ढकलणं, पोटावरून लाट सरकल्यासारखं. पण ती कमी होत नाही. कमी वाटली तर त्याच दिवशी दाखवायचं, उद्यावर टाकायचं नाही.

तिसरी गोष्ट मी कधी विचारलीच नव्हती. त्या घरातला संडास मागच्या अंगणापलीकडे, चिऱ्याच्या सात पायऱ्या उतरून. पावसात त्या पायऱ्यांवर शेवाळ. रात्री पाच वेळा उठून, नऊ महिन्यांचं पोट घेऊन, टॉर्च धरून त्या उतरायच्या म्हणजे काय, याची कल्पना मला नंतर तिथे गेल्यावर आली. तिने आपल्यापुरता उपाय काढला होता. दुपारी चारनंतर पाणी पिणं बंद.

७ सप्टेंबर

सकाळी दहाला गणपती बसले. एकोणचाळीस आठवडे सहा दिवस. राजांगणात माटोळी बांधली होती, तोरिंग, चिबूड, आंबाडे, सुपारीचे घोस. घरात पन्नासेक माणसं. ती आतल्या खोलीत. तिला कुणी काम सांगितलं नाही, आणि गर्दीत तिच्याकडे कुणाचं फारसं लक्षही गेलं नाही.

सकाळी उठल्यापासून बाळ गप्प वाटत होतं. दुपारी जेवण झाल्यावर तिला ते नक्की जाणवलं. तीन वाजता ती डाव्या कुशीवर पडली आणि मोजायला लागली. हाताशी माटोळीच्या सामानाची यादी होती, तिच्या पाठीवर पेन्सिलीने रेघा ओढत गेली. पाच वाजेपर्यंत तीन रेघा. तिने कुणाला सांगितलं नाही. पुन्हा मोजायला घेतलं. सात वाजेपर्यंत आणखी दोन. बाहेर आरती सुरू झाली, आरतीबरोबर वाजवायच्या घुमटाचा, मातीच्या वाद्याचा, आवाज भिंतीतून येत होता. तिने मला नंतर सांगितलं, "वाटलं, आरती तरी होऊ दे. मागच्या वेळेसारखं झालं तर? आणि आज?"

सात वाजून दहा मिनिटांनी तिने मला फोन केला. आवाज इतका हळू की मला दोनदा विचारावं लागलं. चार तासांत पाच, एवढं ऐकल्यावर मी तिला आणखी मोजायला सांगितलं नाही. म्हटलं, "फोन सासूबाईंना दे." सासूबाई फोनवर आल्या. मी म्हटलं, "काकी, आत्ता निघायचं. बांबोळीला. आरती चालू असली तरी." त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फोन चालूच राहिला आणि मला ऐकू आलं, त्या राजांगणात जाऊन मोठ्याने म्हणाल्या, "गाडी काढा." घुमट थांबला. या बाईबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो त्या दोन शब्दांमुळे आहे.

साडेआठच्या पुढे ती बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचली. पुढचं मी तिच्या डिस्चार्जच्या कागदावरून आणि तिच्या सांगण्यावरून लिहिते. बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढला. ठोके ११० ते १६० या मर्यादेत होते, पण बाळ हललं की ठोके चढायला हवेत तसे सुरुवातीला चढत नव्हते. सलाइन लावून डाव्या कुशीवर ठेवल्यावर आलेख सुधारला. सोनोग्राफीत गर्भजलाचा निर्देशांक ४.२, म्हणजे पाचाच्या खाली, पाणी कमी. कळा आणायचं ठरलं. रात्री जेल ठेवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा, मग ऑक्सिटोसिनचं सलाइन. ९ सप्टेंबरला पहाटे मुलगी झाली, २ किलो ७४० ग्रॅम. गर्भजल फिकट हिरवट होतं, म्हणजे बाळाने आत शी केली होती. ती जन्मताच रडली.

आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे कुणी सांगू शकत नाही, मीही सांगत नाही. पाणी कमी पिण्यामुळेच गर्भजल कमी झालं असंही म्हणता येणार नाही, त्याची कारणं अनेक असतात. पण अंगात पाणी कमी पडलं की गर्भजलावर परिणाम होऊ शकतो, आणि ही एक गोष्ट आम्हाला एका प्रश्नाने कळली असती.

त्या घरचा गणपती पाच दिवसांचा. नऊ तारखेला मधेच सोयेर आलं. ज्या गोष्टीला सगळे महिनाभर घाबरत होते, ती अशी घडली. भटजींना विचारून काकांच्या बहिणीच्या मुलाला बोलावलं. त्याचं गोत्र वेगळं. उरलेल्या पूजा त्याने केल्या, ११ तारखेला विसर्जनही त्यानेच केलं. सात बिऱ्हाडं राजांगणाच्या कडेला उभी राहून आरती म्हणत होती. काकांनी मला हे स्वतः सांगितलं, आणि सांगताना ते दुःखी नव्हते.

त्यानंतर

खोट्या कळा घेऊन आलेल्या बाईला आम्ही आता तसं म्हणत नाही, कार्डावरही लिहित नाही. 'तपासलं, कळा थांबल्या, पुन्हा यावं' असं लिहितो, आणि शेवटचे दोन शब्द तिला वाचून दाखवतो. बरोबर आलेल्या नवऱ्याला किंवा दिरालाही ऐकवतो, कारण पुढच्या वेळी गाडी त्यालाच काढायची असते. जुनी तारीख रेघ मारून सोडत नाही, पूर्ण गिरवून टाकतो आणि घरातल्या मोठ्या माणसाला बोलावून नवी तारीख समजावतो. छत्तिसाव्या आठवड्यात रक्तदाब घेता घेता मी विचारते, संडास घरात आहे की बाहेर, किती पायऱ्या, रात्री दिवा आहे का. नव्या मुली पहिल्यांदा चमकतात, मग सगळं सांगतात.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती सहा आठवड्यांच्या लसीसाठी बाळाला घेऊन आली. सासूबाई बरोबर होत्या, बाळ त्यांच्याच खांद्यावर. मी पायऱ्यांचं विचारलं. ती म्हणाली, बारशाआधी दिराने तिथे दिवा लावला, बांबूचा कठडाही बांधला. मग पर्समधून एक घडी केलेला कागद काढून दाखवला. एका बाजूला तोरिंग, चिबूड, आंबाडे अशी यादी, दुसऱ्या बाजूला पेन्सिलीच्या पाच रेघा. "टाकवत नाही," म्हणाली, आणि परत घडी घालून ठेवून दिला.